सुटका

नार्व्याच्या धक्क्यावर माझी बादली असते,
जुन्या ऑइलपेंटची, कडीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
आत पिटोळं, बोटाएवढी,
कुशीवर एकेक काळा ठिपका,
देवाने मोजताना पेन टेकवल्यासारखा.
मयेच्या पाटातून पहाटे पागून आणतो.
दहाला तीन.

फेरीबोटीतून उतरून दिवाडीचा इनास येतो,
गळ खांद्यावर, चोणकाच्या बढाया तोंडात.
बादलीत डोकावून एकच विचारतो,
जिवंत आहेत ना?
मेलेल्या आमिषाकडे चोणक ढुंकून बघत नाही.
पाठीच्या काट्याखालून, रक्त न काढता, गळ ओवायचा,
म्हणजे मासा तासभर पोहतो
आणि कशासाठी पोहतोय ते त्याला कळत नाही.
हे मला बापाने शिकवलं.
बाकी फारसं काही शिकवलं नाही.

श्रावणात धंदा बसतो,
संध्याकाळी अर्धी बादली तशीच.
शेवंती म्हणायची,
दिवसभर ज्यांना मरायला विकलंस
त्यातली चार तरी सोड.
म्हणून देवळामागच्या तळीवर जायचो,
पायऱ्या उतरून बादली तिरकी करायचो, हळू,
पाण्याला पाणी लावून,
आणि ती निघून जायची,
घर जवळ असलेली पोरं शाळेतून निघतात तशी,
घाई न करता.
बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?
त्या रात्री दोन घास जास्त जायचे.

चवथीच्या पाचव्या दिवशी
गाव गणपती घेऊन तळीवर आलं
आणि आरती मध्येच अडखळली.
पाणी पांढरं. सगळी पोटं वर.
परांच्या मुळाशी रक्ताचे टिपके,
कुणी कुंकवाची चिमूट उडवावी तसे.
डोळे बाहेर आलेले.
काही अजून जिवंत, एका कुशीवर,
स्वतःभोवतीच गरगर फिरत.

पुरसो च्यारी म्हणाला, मूर्तीचा रंग.
पंच म्हणाले, वरच्या बागायतीतलं औषध.
कुणी म्हणालं, देवाला कौल लावा.
मी पाटाची एक बाजू धरून उभा होतो.
गणपती जड नव्हता.
हात भरून आले.

मग खात्यातून मिताली गावणेकर आली,
थर्माकोलचा डबा, बर्फ, बाटल्या.
बाहेरचे मासे कुणी सोडतं का यात, तिनं विचारलं.
विचारण्यात आरोप नव्हता,
वहीत तसा एक रकाना होता.
मी म्हणालो, मी.

विषाणू, ती म्हणाली. नाव अजून ठरायचंय.
माणसाला काही करत नाही. हे दोनदा सांगितलं,
जणू मी तेवढ्यासाठीच उभा होतो.
एखादा मासा तो अंगात घेऊन धडधाकट फिरतो,
दाटी झाली, पाणी बदललं, की तो उठतो.
येतो कुठून?
तिनं बोटानं बादली दाखवली.
मासे काढले तरी पाणी उरतंच की तळाशी.

विकली ती एकेकटी मेली.
सोडली ती
तळी घेऊन गेली.

आता रोज बादली चुन्यानं घासतो,
धक्क्याच्या कठड्यावर उन्हात पालथी घालतो
पार कोरडी होईपर्यंत.
उरलेली पिटोळं परसात नेतो, केळीच्या बुडाशी
खड्डा, वर मूठभर चुना, वर माती.
पहिल्या दिवशी माती हलली.
पायानं दाबली.

इनास अजून विचारतो, जिवंत आहेत ना?
मी बघून सांगतो. पूर्वी न बघता सांगायचो.

यंदा त्या केळीला केवढा घड आलाय,
झाड टेकू लावून उभं केलंय.
शेवंती कापत नाही.
मीही कापत नाही.
वरच्या फण्या पिकल्यात,
सकाळी बुलबुल येऊन
टोचून टोचून खातात.